पोराची पहिली गाडी आणि आपले ऊसबिल



या पानावर लागण, खोडवा, ठिबक, हुमणी असल्या विषयांवर वाचायची आपल्याला सवय आहे. मोटारगाडीचा विषय कारखान्याच्या अंकात कशाला, असे कुणी म्हणेल, म्हणून आधी कारण सांगतो. मागे एकदा गट ऑफिसात बसलो होतो. तासाभरात तीन सभासद आले आणि तिघांनी क्लार्कला एकच विचारले, "पहिली उचल कधी पडतीय?" खत आणायचे असेल, मुलीचे लग्न असेल असे मला वाटले. चौकशी केली तर तिघांचीही पोरे मुंबईत, एक अंधेरीला, एक मुलुंडला, एक घाटकोपरला. तिघांनाही गाडी घ्यायची आहे, कोरी, हप्त्यावर. डाऊन पेमेंट मात्र बापाने द्यायचे. त्या तिघांतला एक माझा सख्खा थोरला भाऊ. आता सांगा, हा विषय उसाचा आहे की नाही?

मी स्वतः १९७८ पासून अठरा वर्षे घाटकोपरला भटवाडीत राहिलो आणि भांडुपला एका कारखान्यात नोकरी केली. त्यामुळे मुंबईच्या उपनगरात गाडी म्हणजे काय चीज आहे याची थोडी कल्पना आहे. आमच्या वेळी गाडी ही बघायची वस्तू होती. प्रीमियर पद्मिनी आमच्या शेजारीच, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. गंमत बघा, रावळगावला आणि इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला ज्यांनी साखर कारखाने उभे केले त्याच वालचंद हिराचंदांनी १९४४ साली ही प्रीमियर कंपनी काढली. म्हणजे ऊस आणि मोटार यांचे नाते तसे जुनेच. पण गाडी मिळायची ती नंबर लागल्यावर. साधी स्कूटर घ्यायची तरी नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट बघावी लागे. मग ती बजाजची असो, की आपल्या साताऱ्यात तयार होणारी प्रिया असो. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, किंमत पन्नास हजारांच्या आसपास. आमच्या पगारात ती बसणारी नव्हती आणि आमच्यासारख्याला गाडीसाठी कर्ज द्यायला कोणती बँक दारात उभी राहणार होती! तेव्हा मोह झाला तरी काही करता येत नसे. शहाणपण आमच्यात होते असे नव्हे, सोयच नव्हती.

आता सोय झाली आहे. पोराचा पगार बँकेत जमा होतो आणि फोनवर आपोआप निरोप येतो, तुम्हाला सहा लाखांचे कर्ज मंजूर आहे. त्यात २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकर होता तो १८ टक्क्यांवर आला, गाड्या स्वस्त झाल्या, आणि दसरा-दिवाळीत सगळ्यांचे हात शिवशिवले. माझ्या पुतण्याचेही. तो घाटकोपरला भाड्याच्या खोलीत राहतो आणि अंधेरीला मरोळकडे नोकरीला जातो. दिवाळीच्या तोंडावर त्याने मोटर ट्रेनिंग स्कूलमधून गाडी शिकून घेतली. शिकाऊ परवाना निघाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. ती दिली, पास झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात मला फोन.

"तात्या, दादांना तुम्ही जरा सांगा ना. सव्वा लाख पाहिजेत फक्त. बाकी माझं मी बघतो."

"बाकी म्हणजे किती रं?"

"सहा लाख लोन. हप्ता साडेनऊ हजार. पगारातनं आरामात जातोय."

हे 'आरामात' ऐकले आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तो हिशेब आपल्यापुढे मांडतो, कारण असा फोन उद्या तुमच्याकडेही येणार आहे, किंवा येऊन गेला असेल.

गाडीची शोरूमची किंमत धरा ६ लाख २० हजार. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर, म्हणजे ६८ हजार. विमा, नोंदणी, किरकोळ सामान धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंत सव्वासात लाखांच्या घरात जाते. त्यातले ६ लाख कर्ज. व्याज नऊ टक्के आणि मुदत सात वर्षे धरली तर हप्ता ९,६५३ रुपये. सात वर्षांत भरायचे एकूण ८ लाख १० हजार, म्हणजे व्याजच २ लाख १० हजार. मुदत पाच वर्षे केली तर हप्ता १२,४५५ होतो, पण व्याज १ लाख ४७ हजारांवर येते. शोरूममधला पोरगा हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडत नाही. तो फक्त विचारतो, "सर, महिन्याला किती जमेल?" आणि जमेल तेवढ्या हप्त्यात बसवण्यासाठी मुदत ताणत नेतो. हप्ता कमी दिसला म्हणजे गाडी स्वस्त पडली असे आपल्या पोरांना वाटते.

आता हाच हप्ता आपल्या मापाने मोजू. महिन्याला ९,६५३ म्हणजे वर्षाला १ लाख १६ हजार. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. उतारा जास्त पडला तर दर वर जातो, पण त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. हिशेबाला सोपे जावे म्हणून हातात टनाला तीन हजार पडले असे धरा. मग एका वर्षाचे हप्ते म्हणजे साडेअडतीस टन ऊस. एका चांगल्या एकराचे सबंध पीक! आणि ही झाली एकूण रक्कम; बेणे, खत, पाणीपट्टी, मजुरी यातून अजून वजा केलेली नाही. सात वर्षे एक एकर रान त्या गाडीच्या नावाने पिकवायचे. पगार पोराचा आहे, रान नाही, हे खरे. पण पगार थांबला की डोळे कुणीकडे लागतात ते आपल्याला ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे पैसा येतो तो हंगामाने. कायद्याने ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल मिळाले पाहिजे आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेले आहे. ते प्रत्यक्षात कधी आणि कसे मिळते यावर वार्षिक सभेत आपण दरवर्षी बोलतोच. हप्त्याला असली सभा नसते. पाच तारीख म्हणजे पाच तारीख. खात्यात पैसे नसतील तर बँक वरून दंड लावते आणि पोराची पत खाली जाते. वर्षातून दोन-तीनदा पैसा हातात घेणाऱ्या घराने महिन्याच्या हप्त्याला पाठीशी उभे राहायचे, हा मेळच बसत नाही.

तुम्ही म्हणाल, तात्या, आजकाल कर्जाशिवाय काय होते? ट्रॅक्टर आपण कर्जानेच आणला, पाइपलाइन कर्जानेच केली. बरोबर आहे. मीही २००३ साली ट्रॅक्टर कर्जाने घेतला आणि त्याच्या पहिल्या दोन वर्षांत झोप नव्हती. पण ट्रॅक्टर नांगरटीला गेला की संध्याकाळी पैसे घेऊन येतो. पोराची गाडी सोमवार ते शुक्रवार काय करणार? माझ्या पुतण्याचेच घ्या. घाटकोपरहून मरोळला जायला मेट्रो आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली आणि तो रोज त्याच मेट्रोने जातो. गाडी घेतल्यावरही जाणार तिनेच, कारण अंधेरी-कुर्ला रोडला साकीनाक्याजवळ संध्याकाळी सहाला गाडी घेऊन उभे राहण्यात काय सुख आहे हे तिथे उभा राहिलेलाच जाणे. म्हणजे गाडी रविवारी फिरणार आणि यात्रेला, दिवाळीला, मे महिन्यात गावी येणार. वर्षातले फार तर ऐंशी दिवस. उरलेले दिवस ती उभी.

आणि उभी कुठे? हा प्रश्न मी त्याला विचारला तेव्हा फोनवर जरा शांतता झाली. खोली भाड्याची, सोसायटी जुनी, खाली बारा गाड्यांची जागा आणि वर चाळीस बिऱ्हाडे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत लिहिलेले आहे की जागा कमी असेल तर चिठ्ठ्या टाकून वर्षापुरती वाटप करावी. पण चिठ्ठी सभासदाची निघते, भाडेकरूची नव्हे. सहकार काय असतो ते आपल्याला शिकवायला नको. उपनगरात या जागेवरून किती भांडणे होतात याची साक्ष थेट दिल्लीत आहे. बोरिवलीच्या पलीकडे दहिसरला पांचाळी नावाची सहकारी सोसायटी आहे. तिचा बिल्डरशी वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१० साली न्यायालयाने निकाल दिला की इमारतीखालची स्टिल्टची पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येणार नाही, ती सर्वांच्या सामाईक जागेतच येते. निकाल चांगला आहे, सोसायटीच्या बाजूचा आहे. पण त्याने जागा वाढली नाही. ज्याला आत जागा नाही त्याची कोरी गाडी गल्लीत, एका बाजूला रिक्षा आणि दुसऱ्या बाजूला टेम्पो, रात्रभर. सकाळी आरशाचा पत्ता नसतो.

इथे नवशिक्याचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते खरा मुद्दा तोच आहे. ट्रेनिंग स्कूलमध्ये महिनाभर रोज अर्धा तास, तोही शेजारी मास्तर बसलेला आणि त्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक. एवढ्यावर पोरगा लायसन्सवाला होतो. एलबीएस मार्गावर घाटकोपर ते मुलुंड गाडी एकट्याने नेली म्हणजे कळते आपल्याला काय येत नाही ते. पहिल्या वर्षी गाडी घासणार, कुठेतरी पोचा पडणार, मागे घेताना खांबाला लागणार. यात पोराचा कमीपणा नाही, मीही पहिल्या महिन्यात ट्रॅक्टर गोठ्याच्या भिंतीत घातला होता. प्रश्न एवढाच, की हे शिकणे कोणत्या गाडीवर करायचे. उसाची नवी जात आली तर आपण सबंध शिवार तिच्याखाली घालतो का? आधी दोन गुंठ्यांत लावून बघतो, आपल्या रानाला मानवते का बघतो, मग बेणे वाढवतो.

विमा आहे की, असे पोरे म्हणतात. विम्याचे जरा समजून घ्या, कारण शोरूममध्ये हे कुणी समजावत नाही. एक तर प्रत्येक दाव्यात पहिले हजार रुपये लहान गाडीला आपल्याच खिशातून जातात. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांची निम्मी किंमत विमा कंपनी घसारा म्हणून कापते, झीरो डेप्रिसिएशनचे जादा पैसे भरले असतील तरच ते वाचतात. आणि आजकालचा बंपर म्हणजे प्लॅस्टिकच. वर्षात एकही दावा केला नाही तर पुढच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, पाच वर्षे गप्प बसलात तर ५० टक्क्यांपर्यंत. चार हजारांच्या ओरखड्यासाठी दावा केला की ती सूट गेली.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. गाडी चोरीला गेली किंवा पुरती मोडली तर विमा कंपनी देते ती तुमची सव्वासात लाखांची रक्कम नव्हे. ती देते गाडीची घोषित किंमत, आणि ती शोरूमच्या किमतीवरून दरवर्षी उतरत जाते: एक वर्ष उलटले की २० टक्के वजा, दोन उलटली की ३०, तीन उलटली की ४०, चार उलटली की ५०. कर आणि विम्याचे पैसे तर त्यात धरलेलेच नसतात. आता आपल्या ६ लाख २० हजारांच्या गाडीला दुसरे वर्ष लागले. विम्याची किंमत झाली ४ लाख ९६ हजार. कर्जाकडे बघा: वर्षभर हप्ते भरून पुतण्याने १ लाख १६ हजार दिले, पण मुद्दल फिटली फक्त साडेचौसष्ट हजार, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त असते. बाकी राहिली ५ लाख ३५ हजार. म्हणजे गाडी गेली, विम्याचे सगळे पैसे बँकेने घेतले, आणि तरीही जवळजवळ चाळीस हजार देणे अंगावर. गाडी नाही आणि कर्ज आहे! तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाही हीच गत, तेव्हा तीस हजारांवर खड्डा राहतो. 'रिटर्न टू इन्व्हॉइस' नावाचे जादा संरक्षण घेतले तर हा खड्डा बुजतो, त्याचे पैसे वेगळे. सात वर्षांच्या कर्जावर कोरी गाडी घेणाऱ्याने ते घ्यावेच. पण मुळात हा खड्डा खणायचा कशाला?

खड्डा म्हणालो, तर प्रत्यक्षात पडलेल्या एकाचे सांगतो. आपल्याच कार्यक्षेत्रातले एक सभासद आहेत. नाव-गाव लिहीत नाही, ते हा अंक वाचतात. त्यांचा मुलगा मुलुंडला. त्यांनी सोसायटीचे पीककर्ज उचलले आणि त्यातले दीड लाख गाडीच्या डाऊन पेमेंटला दिले, शिवाय बँकेत जामीनदार म्हणून सही केली. 'नुसती सही' असे त्यांना सांगण्यात आले होते. दहा महिन्यांनी मुलाचे कंत्राट संपले, नोकरी गेली. हप्ते थकले, गाडी बँकेने नेली, लिलावात कर्जाएवढे पैसे आले नाहीत. उरलेल्या रकमेची नोटीस आली ती गावी, बापाच्या नावाने. करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते. आधी पोराकडे मागा मग माझ्याकडे या, असे म्हणायची सोय नाही. इकडे पीककर्जाचे पैसे रानात गेलेच नव्हते. खताचा दुसरा हप्ता चुकला, भरणीला मजूर लावले नाहीत, त्या खोडव्याला एकरी बारा टनांचा फटका बसला. सोसायटीची वसुली मात्र ऊसबिलातून पूर्ण झाली. हातात काय राहिले ते त्यांनी मला सांगितले, मी इथे लिहीत नाही. पुढच्या वर्षी ठिबकसाठी कर्ज मागायला गेले तर पत खराब म्हणून परत पाठवले. कोऱ्या गाडीत ते स्वतः बसले होते दोनदा.

म्हणून माझे मत मी सरळ सांगतो. ज्याने नुकतीच गाडी शिकली आहे त्याने पहिली गाडी कोरी आणि लांब मुदतीच्या कर्जावर घेऊ नये. दोन-तीन वर्षे वापरलेली घ्यावी, जमेल तितकी स्वतःच्या पैशाने, आणि तिच्यावर हात बसवावा. पहिली दोन वर्षे जी किंमत उतरते ती आधीच्या मालकाने सोसलेली असते. ओरखडा उठला तर जीव जळत नाही. आणि दोन वर्षांनी विकायची वेळ आली तरी फार खाली येत नाही.

यावर पोरांचे उत्तर तयार असते, "तात्या, जुन्या गाडीत सेफ्टी नसते." हे अर्धे खरे आहे, म्हणून सोडून देणार नाही. एप्रिल २०१९ पासून तयार झालेल्या गाड्यांना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले आणि २०२२ पासूनच्या गाड्यांना पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीच्या आहेत. तेव्हा त्याआधीची घेऊ नका. दुसरी गोष्ट पेट्रोलची, आणि ही आपल्या घरची आहे. आपल्या उसाचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळले जाते. २०३० चे उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठले गेले. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या या ई-२० पेट्रोलला धरून बनवलेल्या आहेत. त्याआधीच्या गाडीला ॲव्हरेज थोडे कमी पडते आणि रबरी भागांकडे लक्ष ठेवावे लागते. आपणच इथेनॉल पुरवायचे आणि आपल्याच पोराने त्याला न मानवणारी गाडी घ्यायची, हे बरे दिसत नाही. मिळून काय, तर २०२३ च्या एप्रिलनंतरची गाडी बघावी. अशा गाड्या बाजारात भरपूर आहेत. कोऱ्या स्वस्त झाल्यामुळे त्यांचेही भाव नरमले आहेत.

फसवणूक होते हेही खरे. मुंबईत तर पावसाची भीती वेगळीच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कलिना-कुर्ल्याकडच्या किती गाड्या बुडाल्या आणि धुऊन-पुसून कुठे विकल्या गेल्या ते देवच जाणे. तेव्हापासून माझी सवय आहे: गाडी बघायला गेलो की आधी पायाखालचा गालिचा उचलायचा, सीटच्या रुळांना गंज आहे का बघायचे, डिकीत सुट्या चाकाखाली चिखल राहिलाय का हात घालून बघायचे, काचा बंद करून वास घ्यायचा. ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा, त्याला दोन पैसे द्यावेत. कागदात आरसी बुकावर कुठल्या बँकेचा बोजा आहे का हे पाहावे. असेल तर बँकेची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. दंडाची थकलेली ई-चलाने आधीच्या मालकाने भरावीत. नाव बदलायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म त्याच दिवशी सही करून घ्यावेत, आणि विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा. हे शेवटचे बरेच लोक विसरतात. सातबारा बघितल्याशिवाय आपण जमीन घेत नाही. त्यातलाच हा प्रकार.

जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजदर जास्त असतो, हा आक्षेप बरोबर आहे. पण कर्ज किती घेता यावर ते अवलंबून. दोन लाख तीन वर्षांसाठी १२ टक्क्यांनी घेतले तर हप्ता ६,६४३ आणि एकूण व्याज ३९ हजार. दर जास्त, पण व्याज कुठे ३९ हजार आणि कुठे २ लाख १० हजार.

कोरी गाडी कुणीच घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. माझी एक भाची बोरिवलीला राहते, अंधेरीच्या एका हॉस्पिटलात परिचारिका आहे. रात्रपाळी सुटते तेव्हा मेट्रो नाही, लोकल नाही, आणि बाईमाणसाने रिक्षासाठी तासभर उभे राहायचे. तिला गाडीची गरज होती, हौस नव्हे. तिने आधी एक वापरलेली हॅचबॅक घेतली, तिला चारी बाजूंनी ओरखडे पाडले, दोन वर्षांत पश्चिम द्रुतगती मार्ग पाठ केला, आणि मग ती विकून, त्यात स्वतःची शिल्लक घालून, अर्ध्याहून जास्त पैसे रोख भरून नवी घेतली. सोसायटीत तिची स्वतःची जागा होती. भावाकडे तिने एक रुपया मागितला नाही. अशा माणसाला कोण कशाला अडवेल?

अडचण पोरांचीच असते असेही नाही. आपलीही असते. जत्रेला गावात गाड्या लागतात तेव्हा आपण पाटीवरून ओळखतो: एमएच-०२ म्हणजे अंधेरीचा, ४७ म्हणजे बोरिवलीचा, ०३ म्हणजे घाटकोपर-मुलुंडकडचा. त्या रांगेत आपल्या पोराची पांढरी कोरी गाडी, बॉनेटवर हार, असे चित्र बापाच्या डोळ्यांपुढेही असते. पाहुण्यांत बोलायला होते, सोयरीक जमायला सोपे जाते. थोरल्याने मला बोलूनच दाखवले, "अरे, समद्यांची पोरं गाडी घिऊन येत्यात, आपलं एस्टीनं." यात वाईट काही नाही. पण तो नवशिका पोरगा रात्री अकराला खंबाटकी घाट उतरून तासवड्याच्या नाक्याकडे येत असतो, तेव्हा रस्त्यावर आपल्याच उसाच्या ट्रॉल्या बिनदिव्याच्या, बिनरिफ्लेक्टरच्या चाललेल्या असतात. दरवर्षी कारखाना रिफ्लेक्टर वाटतो आणि दरवर्षी अर्ध्या ट्रॉल्यांना ते नसतात. हा वेगळा विषय झाला, पण राहवले नाही म्हणून लिहिले.

पुतण्याला मी काय सांगितले ते सांगून थांबतो. म्हटले, "हप्ता आरामात जातोय म्हणतोस ना? मग वर्षभर तो स्वतःलाच भर. बँकेत आवर्ती ठेव उघड, महिन्याला दहा हजार. बारा महिन्यांत एक लाख वीस हजार मुद्दल होईल, वर व्याज. जेवढं दादाकडं मागतोस तेवढंच. मधे एकही महिना चुकला नाही तर समज तुला हप्ता झेपतो. तोवर रविवारी सेल्फ-ड्राइव्हची भाड्याची गाडी घेऊन हात बसव." तो रागावला. दोन आठवडे फोन केला नाही. मग एक दिवस पासबुकाचा फोटो पाठवला.

परवा त्याचा चौथा हप्ता भरून झाला. तिसऱ्या महिन्यात जरा ओढाताण झाली, असे त्यानेच कबूल केले; घरमालकाने भाडे वाढवले होते. गाड्यांचे फोटो तो अजून पाठवतोच, पण आता त्यात २०२३ च्या गाड्याही असतात. थोरला मात्र प्रत्येक भेटीत एकच विचारतो, पांढरी घ्यायची का लाल.